पंचशील आणि पंचनामा

खानेसुमारीचा कारकून घरी आला तेव्हा ओट्यावर बसून त्यानं मला विचारलं, "धंदा?" मी अडखळलो. शेती म्हणावी तर शेत नव्हतं. नोकरी म्हणावी तर मालक नव्हता. शेवटी सांगितलं, "पंचशील सांगतो आणि पंचनामे करवून घेतो." त्यानं टाक शाईत बुडवला, थोडा विचार केला आणि 'पंच' एवढंच लिहून टाकलं.

त्या धंद्याविषयी मी लिहावं असा या अंकाच्या संपादकांचा आग्रह. दिवाळी अंकात बौद्ध प्रचारकाचा लेख म्हणजे उपासाच्या ताटात कांद्याची भजी, असं मी म्हणून पाहिलं. ते म्हणाले, हल्ली चालतं. चालत असेल तर वाढतो.

छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो तेव्हा मी दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये सरकीची पोती शिवत होतो. आमच्या मंडळाला एक माणूस हवा होता. त्याला वंदना पाठ असावी, लिहितावाचता यावं आणि साहेबासमोर त्याचे पाय लटपटू नयेत. तिन्ही गुणांचा कोणी सापडला नाही, म्हणून पहिल्या दोन गुणांवर माझी निवड झाली. मोबदला म्हणून हंगामात घरोघरची ज्वारी मिळे. ज्या गावात भांडण जास्त, त्या गावची ज्वारी कमी, कारण तिथल्या लोकांना कामच मिळत नसे. म्हणजे जिथं माझी गरज मोठी तिथं माझं पोट लहान.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावून सांगायचं तर असं. लग्न लावायचं, बारशाला नाव ठेवायचं, मयतीला वंदना म्हणायची, हे झालं पंचशील. कोणाला पाणवठ्यावर अडवलं, मेलेलं ढोर ओढायला नकार दिला म्हणून कोणाचं छप्पर मोडलं, की अर्ज लिहायचा, ठाण्यात जायचं, ठाणेदार जेवून झोपले असतील तर ते उठेपर्यंत व्हरांड्यात बसायचं, हा झाला पंचनामा. लोकांना वाटे ही दोन कामं वेगळी आहेत. मला कधी तसं वाटलं नाही. सकाळी सगळे प्राणी सुखी होवोत म्हणायचं आणि दुपारी शेजारच्या प्राण्याचं छप्पर मोडलेलं पाहून गप्प बसायचं, हे आमच्या धम्मात बसत नव्हतं.

गिऱ्हाइकंही नामी भेटत. एका लग्नात वंदना सुरू होणार तेवढ्यात नवरदेवाच्या मामानं मला गोठ्यामागं नेलं. "प्रचारकबुवा, तुमचं तं होऊनच राह्यलं. पन कोनाले दिसनार नाही असं दोन मंगलाष्टकं बी म्हनून टाका न जी. न जानो, कोन्तं लागू पडन!" एका गावी घराघरातले देव नदीत सोडायचे ठरले. सगळ्यांनी सोडले. एका म्हाताऱ्याच्या कणगीत मरीआई सापडली. मी विचारलं, "बाबा, हे काय?" तो हात जोडून म्हणाला, "मी तं सोडलं तिले. तेच मले सोडून नाही राह्यली." अशा वेळी मी रागावत नसे. हजारो वर्षांचा भाडेकरू एका दिवसात खोली रिकामी करत नाही.

पण आज सांगायची आहे ती भागाबाईची गोष्ट.

फुलसावंगीकडचं एक गाव. नाव सांगत नाही. तिथली नातवंडं आता शहाणी झाली आहेत, त्यांना आजोबांची लाज कशाला? गावाच्या टोकाला आमचा महारपुरा. भागाबाई तिथली विधवा, निंदण-खुरपणावर जगणारी. अंगानं काटकुळी, पण तिनं पुऱ्यातून हाक मारली की मारुतीच्या पारावरचे लोक मागं वळून पाहत. तिची एकुलती एक पोरगी कमल सातवी पास झाली. पुऱ्यातून सातवी पास झालेली ती पहिलीच मुलगी. तिला दिग्रसच्या हायस्कुलात जायचं होतं आणि त्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती हवी होती. अर्ज कमलनं स्वतःच्या हातानं भरला. जातीच्या रकान्यात तिनं मोठ्या ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'बौद्ध'.

अर्ज विकास गटाच्या साहेबांकडं जायचा. गावोगावच्या विहिरी, रस्ते, शाळा असं सगळं त्यांच्या हाताखाली होतं. साहेब शिकलेले, सज्जन, आणि भाषणाचे फार शौकीन. मी भागाबाईला घेऊन त्यांच्या कचेरीत गेलो. ती दाराबाहेर उभी राहिली, मी आत गेलो.

"प्रचारक," साहेब म्हणाले, "बौद्ध धर्मात जात नसते, असं तुम्हीच लोकांना सांगता ना?"

"होय साहेब."

"मग जात नाही, तर मागासलेपण कुठून आलं? आणि मागासलेपण नाही, तर सवलत कशाची?"

त्यांनी अर्ज परत केला. मी इतकी वर्षं गावोगाव हेच सांगत फिरत होतो, पण इतक्या थोडक्यात आणि इतक्या श्रद्धेनं मलाही कधी सांगता आलं नव्हतं. एवढा पक्का बौद्ध मी उभ्या जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही. फरक इतकाच, की त्यांना हा साक्षात्कार फक्त शिष्यवृत्तीच्या अर्जावर होत असे.

बाहेर भागाबाईनं विचारलं, "काय म्हने सायेब?"

"म्हणे, तुम्हाला आता जात नाही."

भागाबाई कचेरीच्या पायऱ्या उतरली. मग म्हणाली, "असं म्हने? मंग त्याले एक डाव गावात आना न जी. म्हनाव, हेच सरपंचाले सांगून जाय."

मी हसलो. ती हसली नाही.

त्याच वर्षी त्या गावात सरकारी अनुदानातून नवी विहीर झाली. खोदली आमच्याच माणसांनी. पाणी लागेपर्यंत ती त्यांच्यासाठी पुरेपूर सार्वजनिक होती. पाणी लागलं, कठडा बांधला, कठड्यावर 'सार्वजनिक विहीर' अशी पाटी बसली आणि उद्घाटनाचा दिवस ठरला. पाहुणे अर्थात आमचे साहेब. गावचे सरपंच पाटील घराण्यातले, उंच, भारदस्त, बोलायला मवाळ. ते कोणाला कधी नाही म्हणत नसत. "पाहू" म्हणत. त्यांचं 'पाहू' ऐकत कित्येकांचे डोळे मिटले.

मंडप पडला, नारळ फुटला. आम्हाला बाभळीपलीकडं उभं केलं होतं. तिथून पाटी दिसत होती, पाणी दिसत नव्हतं. साहेब समतेवर बोलले, नव्या भारतावर बोलले, पाण्याला रंग नसतो असंही म्हणाले. टाळ्या झाल्या. तेव्हा मी बाभळीखालून हात वर केला.

"साहेब, एक शंका होती."

"विचारा, विचारा. लोकशाही आहे."

"आमची आता जात कोणती, एवढं आपल्या तोंडून सगळ्यांना कळावं."

पाठ केलेलाच प्रश्न परीक्षेत आल्यावर मुलाचा चेहरा जसा होतो, तसा साहेबांचा झाला. ते सभेकडं वळून म्हणाले, "मी कचेरीत सांगितलंच आहे. हे लोक बौद्ध झाले आहेत. त्यांना आता जात नाही. सरकार त्यांची जात मानत नाही."

"कोणत्याच कामाला मानत नाही?"

"कोणत्याच कामाला नाही!"

शब्द तोंडातून निघून गेल्यावर ते कुठं जाऊन पडणार आहेत हे साहेबांच्या लक्षात आलं. पण तोवर भागाबाई डोक्यावर घागर घेऊन बाभळ ओलांडून चालू लागली होती, आणि मागं कमल. सरपंचांनी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी जीपकडं पाहिलं. जीपच्या ड्रायव्हरनं आभाळाकडं पाहिलं. भागाबाई कठड्याशी गेली, बादली सोडली, ओढली, ओंजळीनं आधी स्वतः प्याली, मग पोरीला पाजलं, घागर भरली आणि आल्या वाटेनं परत निघाली. साहेब हळू आवाजात म्हणाले, "अर्थात... विहीर सार्वजनिकच आहे."

"सायेब, जेवन तयार हाय," सरपंच म्हणाले.

"नको, नको. मीटिंग आहे," म्हणत साहेब जीपमध्ये बसले. तर्काला कधी कधी परिणामही असतात, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं.

दुसऱ्या दिवसापासून गावानं ती विहीर सोडली. बाटली म्हणाले. पाण्यानंही धर्म बदलला, असं आमची पोरं म्हणू लागली. गाव जुन्या विहिरीवर परतलं आणि आम्हाला मात्र सगळंच बंद झालं. शेतात मजुरी बंद, दुकानात मीठमिरची बंद, आणि गावातली एकुलती एक पिठाची गिरणी, जी सरपंचांची होती, तिथं आमचं दळण बंद. बायकांनी जाती झटकून बाहेर काढली. मजूर माणसं कामासाठी रोज दूरदूरच्या गावी पायी जाऊ लागली. काही घरांत एका वेळची चूल पेटेनाशी झाली. मी दिग्रसहून मोटारीनं शक्य तितका जवळ जाई आणि पुढं चालत. पुऱ्यात शिरताना मला भीती वाटे, की आज कोणीतरी म्हणेल, प्रचारकबुवा, तुमच्या एका शंकेपायी आमची ही दशा. तसं कोणी म्हटलं नाही. भागाबाई असताना म्हणायची कोणाची छाती नव्हती.

अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा तोवर झालेला होता. म्हणून मी ठाण्यात गेलो. ठाणेदारांनी वही उघडली.

"आरोपीचं नाव?"

"गाव."

"गावाच्या बापाचं नाव?"

ठाणेदारांनी समजुतीच्या सुरात विचारलं, "मारलं का तुम्हाले?"

"नाही."

"शिव्या देल्ल्या?"

"नाही. ते आमच्याशी बोलतच नाहीत."

"न बोलनं हा गुन्हा कसा होईन बुवा? माही बायको दिवाळीपासून बोलत नाही. तिले अटक करू?"

ठाणेदार वाईट माणूस नव्हता. त्यानं चहा पाजला. त्या काळात आमच्या लोकांना न्याय मिळणं कठीण होतं, चहा मात्र कपातून मिळू लागला होता. मी ती प्रगती म्हणून अहवालात लिहिली.

मग गावात शांतता नांदावी म्हणून एक खादीधारी दादा आले. सेवाभावी माणूस, गावोगाव पायी हिंडणारा, आवाज मधाळ. त्यांचा मुक्काम सरपंचांकडं असे, जेवण सरपंचांकडं असे आणि दुःख जाणून घ्यायला ते आमच्याकडं येत. एकदा पुऱ्यात सगळ्यांना गोल बसवून ते म्हणाले, "घाई करू नका. द्वेष करू नका. हृदयपरिवर्तन होईल."

भागाबाईनं पदर सावरला. "कोनाचं जी?"

"त्यांचं. गाववाल्यांचं."

"मंग तुमी अथी काहून बसून राह्यले? तिकडं जा न!"

दादा दुखावले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "या बाईत थोडी करुणा कमी आहे." मी म्हणालो, "दादा, करुणा आहे, पीठ कमी आहे."

मजा पहा, पिठावरूनच पहिला दरवाजा उघडला. सरपंचांच्या गिरणीचं तेलाचं इंजीन बंद पडलं. आसपासच्या गावांत इंजीन दुरुस्त करणारे होते, पण सगळे एका उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. तो उस्ताद म्हणजे दिग्रसचे रहीमभाई. जिनिंगमध्ये मी पोती शिवत असताना ते तिथलं इंजीन सांभाळत. आम्ही एकाच बाकावर बसून डबा खाल्लेला. सरपंचांनी त्यांना आणायला छकडा पाठवला. त्या दिवशी मी पुऱ्यातच होतो, म्हणून मीही गिरणीपाशी जाऊन उभा राहिलो.

रहीमभाईंनी इंजीन उघडलं, पाहिलं, परत बंद केलं. हात धुतले. नमाजाची वेळ झाली होती, ती त्यांनी पिंपळाच्या सावलीत पढली. मग उठून आले.

"काय झालं मशीनले?" सरपंचांनी विचारलं.

"रिंग गेली. सामान माझ्या थैलीत हाय. दोन घंट्याचं काम."

"मंग करा न."

"नही करूंगा."

"काहून?"

"पाटीलसाहब, आत्ताच नमाज पढून आलो, झूठ बोलता येत नाही. नाही तं सांगतलं असतं, सामान मुंबईहून येते, दोन महिने थांबा. सच बात ये है, ज्या गिरणीत भुक्या मान्साची ज्वारी दळत नाहीत, तिच्यात मी हात घालत नाही. उद्या वरती जाब मले द्या लागन. तुमी येसान काय माह्यासंगं?"

सरपंच म्हणाले, "पाहू."

"पाहा," रहीमभाई म्हणाले आणि छकड्यात न बसता पायीच निघाले. मी पळत जाऊन त्यांना गाठलं. आभार मानू लागलो तर माझ्यावरच खेकसले, "तेरे लिए नही किया. उगा भाषण देऊ नको."

सरपंचांनी दुसरे मेकॅनिक बोलावून पाहिले. ते आले, उस्तादानं हात लावला नाही हे ऐकलं आणि कोणाची आई आजारी पडली, कोणाच्या पाहुण्यांकडं लग्न निघालं. आता गावातल्या बायकांनाही जात्यावर बसावं लागलं. सरपंचांच्या आईला सगळे मोठ्या बाई म्हणत. कडक सोवळ्याची बाई. आमच्या विहिरीकडून वारा आला तरी तोंड फिरवायची. पण सुनांच्या तळहातांवर फोड आले तेव्हा तिनंच लेकाला ऐकवलं, "तुह्या इज्जतीचं पीठ माह्या सुनाईनं कायले दळावं?" तशात शेतात कापूस फुटला होता आणि वेचायला बाया नव्हत्या. तत्त्वं कापूस वेचत नाहीत. आठवड्याच्या आत गिरणी सगळ्यांना खुली झाली. रहीमभाई परत आले, इंजीन सुरू झालं आणि पहिलं दळण त्यांनी भागाबाईचं टाकायला लावलं. मागोमाग दुकान उघडलं, मजुरी सुरू झाली. दादांनी हृदयपरिवर्तनावर एक व्याख्यान दिलं. मला वाटतं, मोठ्या बाईंच्या सुनांचे तळहात दाखवले असते तर व्याख्यान अधिक रंगलं असतं.

विहीर मात्र वाळीतच राहिली. आणि कमल आईबरोबर निंदायला जात राहिली.

साठ साली आपलं राज्य झालं. नव्या सरकारच्या हळूहळू ध्यानात आलं की धर्म बदलला तरी भूक तीच राहते. बौद्ध मुलांनाही सवलती मिळतील असा हुकूम निघाला. मी तो कागद घेऊन पुऱ्यात अक्षरशः नाचत गेलो. पण हुकमाला एक शेपूट होतं. मूल पूर्वी अमुक जातीचं होतं असा गावच्या सरपंचाचा दाखला जोडायचा.

मी सरपंचांकडं गेलो. त्यांनी पान लावून दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि अतिशय सौम्यपणे म्हणाले, "हे तं मले जमनार नाही प्रचारकबुवा."

"का?"

"भर सभेत सायबानं सांगतलं न, यायले जात नाही म्हनून? कोनत्याच कामाले नाही. तुमीच तं इचारलं होतं. मी सरकारच्या इरुद्ध कसा लिहून देऊ?"

त्यांच्या मिशीच्या टोकाला हसू होतं. इतकी वर्षं ज्या माणसानं आम्हाला आमची जात एक दिवस विसरू दिली नाही, त्याला ती आता आठवत नव्हती. मी साहेबांकडं धावलो, तर त्यांची बदली झालेली. नवे साहेब म्हणाले, दाखला आणा. मी परत सरपंचांकडं गेलो. सरपंच म्हणाले, "पाहू." असं पाहता पाहता उन्हाळा लागला.

तो उन्हाळा फार वाईट गेला. नाले आटले, मग गावाची जुनी विहीर तळाला गेली. बादलीत गाळ येऊ लागला. नव्या विहिरीला मात्र खालून जिवंत झरा होता. ज्यांनी खोदली त्यांना तो कुठं आहे हे ठाऊक होतं आणि त्यांनी जीव तोडून खोदली होती. गावातल्या बायका कोसभर लांबच्या मळ्यातून पाणी आणू लागल्या. त्या आमच्या विहिरीच्या अंगावरून जात, पाटीकडं न पाहता.

मग एके सकाळी सरपंचांचा निरोप आला, नव्या विहिरीचं पाणी गावाला घेऊ द्याल का. मवाळ माणूस, स्वतः आला नाही.

पुरा लिंबाखाली जमला. तरुण पोरं उसळली होती. "आधी कमलचा दाखला, मंग पानी!" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "नुसता दाखला कायले? मारुतीच्या पारावर माफी मांगू द्या." सगळे माझ्याकडं पाहू लागले. मी मैत्रीवर बोलायला उभा राहिलो आणि पहिल्या वाक्यातच अडकलो. वैरानं वैर शमत नाही हे मला तोंडपाठ होतं. पण पोरीची गेलेली वर्षं डोळ्यांपुढं होती, आणि सौदा वाईट दिसत नव्हता. एक सही आणि गावभर पाणी. मी तसं बोललोही, "विचार करायला हरकत नाही."

भागाबाई मागं बसली होती. ज्या मुलीसाठी हे सगळं चाललं होतं ती तिचीच. ती उठली.

"प्रचारकबुवा, त्या पाटीवर काय लिहेल हाय?"

"सार्वजनिक विहीर."

"मंग पानी देनारे आपून कोन? त्यायनं पाटी वाचली नाही, आपून तं वाचली." ती पोरांकडं वळली. "पान्याच्या बदल्यात आज दाखला घेतला तं आपून पान्याचे मालक झालो. मालक तं ते बी होते. मंग मी थे घागर उचलून बाभूळ कायले ओलांडली?"

"पन मावशी, कमलचं काय?"

"कमलचं मी पाहीन. माही पोरगी हाय."

तिचा आवाज तेवढ्या एका वाक्याला फाटला. कमल खाली मान घालून बसली होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "आई बरोबर म्हनते." त्या दिवशी प्रवचन ऐकण्याचं काम माझ्याकडं होतं.

गावाला निरोप गेला की विचारायचं कारण नाही, पाटी वाचा आणि या. तरी दिवसभर कोणी आलं नाही. उन्हं कलल्यावर पहिल्यांदा आल्या त्या मोठ्या बाई. सुना मागं लांब थांबल्या होत्या. म्हातारी एकटी काठी टेकत कठड्याजवळ आली, घागर खाली ठेवली, दोन पावलं मागं सरकली आणि हात जोडल्यासारखे करून उभी राहिली.

आम्हाला क्षणभर कळेना ती अशी का उभी आहे. मग कळलं. जुन्या विहिरीवर आमच्या आया-आज्या अशाच उभ्या राहत. घागर खाली ठेवायची, मागं सरायचं आणि वरून कोणी पाणी ओतेल याची वाट पाहायची. म्हातारीनं जन्मभर तेच पाहिलं होतं. दुसऱ्याच्या विहिरीवर असंच उभं राहायचं असतं, एवढंच तिला माहीत होतं.

आमच्यातली एक पोरगी फिसकन हसली. "वत न व मावशी, वरतून!"

भागाबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की ती पोरगी लिंबामागं गेली. मग तिनं दोर उचलला आणि म्हातारीच्या हातात दिला.

"घ्या बाई. वरतून कोनी नाही वतत आता. तुमीच काढा."

"मले नाही जमत व. कधी काढलं नाही."

"मंग मी बी धरतो."

दोघींनी मिळून बादली ओढली. निम्मं पाणी सांडलं. म्हातारीचे पाय भिजले, सोवळं भिजलं. घागर भरल्यावर ती कठड्याला टेकून धापा टाकत म्हणाली, "भागे, तुले काय पाहिजे?"

"काही नाही."

"पोरीच्या दाखल्याचं आयकलं मी."

"थे सरपंचाचं काम हाय बाई. हिरीचं नाही."

म्हातारी घरी गेली. पुढं काय झालं ते सरपंचांनीच मला म्हातारपणी सांगितलं, हसत हसत. मोठ्या बाई घागर घेऊन थेट बैठकीत आल्या, चार माणसं बसलेली असताना. म्हणाल्या, "त्या पोरीचा दाखला लिहून दे."

"आई, तुले समजत नाही. सायबानं सांगतलं, त्यायले जात नाही."

"इतके वर्स त्यायची जात तोंडानं सांगत आला तं जीभ नाही दुखली. आता लिहाले काहून हात कापून राह्यला तुह्या?"

दुसऱ्या दिवशी सरपंचांनी मला बोलावून दाखला हातात ठेवला.

पुढचं थोडक्यात सांगतो. पाऊस पडला, जुनी विहीर भरली आणि निम्मं गाव तिकडं परत गेलं. निम्मं गेलं नाही. त्यांना नव्या विहिरीचं पाणी गोड लागू लागलं होतं. नव्या साहेबांनी 'संपूर्ण सामाजिक ऐक्य' असा शेरा मारून अहवाल वर पाठवला. दादांना एका सभेत शाल मिळाली. कमल वर्गातल्या सगळ्या मुलींपेक्षा मोठी होऊन हायस्कुलात बसली, त्याची तिला लाज वाटे, पण शिकली. यवतमाळला नर्स झाली. मधली वर्षं तिला कोणी परत दिली नाहीत. ती तशी कोणाकडं मागतही नाही. मला मात्र ती अजून बोचतात.

दाखला मी भागाबाईला नेऊन दिला तेव्हा ती सारवत होती. हात शेणाचे, म्हणून तिनं तो हातात घेतला नाही.

"वाचा न जी."

मी वाचलं, "दाखला देण्यात येतो की, सदरहू मुलगी ही पूर्वी महार जातीची होती."

"'पूर्वी' लिहेल हाय?"

"हो."

"अन् 'होती'?"

"'होती'."

"कोनाच्या हातानं?"

"सरपंचांच्या. सगळा त्यांच्याच अक्षरात आहे."

भागाबाई पुन्हा सारवायला बसली. "मंग बराबर लिहेल हाय," ती म्हणाली.